पेटंट नसतं तर औषधं निघाली असती का? टीबीच्या औषधांवरून एक उत्तर

प्रश्न असा आहे: पेटंट आणि नफा मिळणार नसेल, तर कोणती कंपनी कोट्यवधी रुपये घालून नवीन औषध शोधेल? आणि भारतासारख्या देशांनी पेटंट द्यायला हात आखडता घेतला, तर संशोधनच थांबणार नाही का?

मी रसायनशास्त्राचा माणूस. सुरुवातीची वर्षं बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या, कारखान्यात प्रोसेस डेव्हलपमेंट (बनवण्याची पद्धत बसवण्याचं काम) केलं, मग पेटंट एजंटची परीक्षा दिली. तेव्हापासून औषधांचे पेटंट अर्ज लिहिणं, दुसऱ्यांचे अर्ज तपासणं आणि गरज पडली तर त्यांना हरकत घेणं हेच काम करतो. पेटंट ही निव्वळ लूट आहे, असं मी म्हणणार नाही. रोज आतून पाहतो तेव्हा त्याचा उपयोगही दिसतो. पण ‘पेटंट नाही तर शोध नाही’ हे विधान ज्या खात्रीने केलं जातं, तेवढा आधार त्याला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नफ्याच्या आशेने संशोधन होतं, हे खरं. पण कोणत्या आजारावर होईल, हेही तीच आशा ठरवते. पेटंटमुळे कल्पना सुचत नाही. कल्पना सुचल्यानंतरचा जो लांब आणि खर्चिक टप्पा असतो, म्हणजे विषारीपणाच्या चाचण्या, पायलट बॅच, माणसांवरच्या ट्रायल, त्यासाठी पैसे लावणारा माणूस पेटंटमुळे पुढे येतो. जिथे रोगी गरीब आहे तिथे तो पेटंट असूनही येत नाही. हे तपासून पाहायला टीबीइतका चांगला आजार नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण भारतात आहेत, आणि टीबीच्या औषधांच्या इतिहासात पेटंटचे सगळे प्रकार एकेक करून येऊन गेले आहेत.

सुरुवात स्ट्रेप्टोमायसिनपासून. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याला मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं. वॅक्समन यांचा मर्क कंपनीशी आधीच करार होता आणि त्यानुसार हक्क मर्ककडे जाणार होते. औषध किती मोठं आहे हे लक्षात आल्यावर वॅक्समन यांनी मर्कला एकाधिकार सोडायला सांगितलं आणि मर्कने तो सोडला. पेटंट झालंच, पण ते विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाकडे गेलं आणि अनेक कंपन्यांना लायसन्स मिळालं. पुष्कळ कारखान्यांत एकदम उत्पादन सुरू झालं आणि किंमत झपाट्याने खाली आली. पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही पेनिसिलिनपाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं. इथे पेटंट होतं, नफाही होता, फक्त एकाधिकार नव्हता. या तीन गोष्टी एकच समजून वाद घातला की गाडी तिथेच अडते.

दुसरी गोष्ट आयसोनियाझिडची, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतली सर्वांत बोलकी. १९५१-५२ मध्ये तीन कंपन्या एकमेकींना न सांगता एकाच रेणूपाशी पोचल्या: अमेरिकेत हॉफमन-ला रोश आणि स्क्विब, जर्मनीत बायर. तिघींना वाटलं, आपल्याला खजिना सापडला. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये मरणाच्या दारातले रुग्ण उठून बसले, जेवू लागले. मग पेटंटचं काम सुरू झालं आणि कळलं की हा रेणू नवा नाहीच. हान्स मेयर आणि योसेफ माली यांनी १९१२ मध्येच प्रागमध्ये तो तयार करून प्रसिद्ध केला होता. त्यांना टीबीशी काही देणंघेणं नव्हतं. अभ्यासाचा भाग म्हणून एक संयुग बनवलं आणि विषय संपला. पेटंटच्या भाषेत याला आम्ही प्रायर आर्ट म्हणतो. रेणू आधीच जगाला माहीत असला की त्या रेणूवर कुणाचीही मालकी राहत नाही.

आता मूळ प्रश्नाला हे लावून पाहा. पेटंट मिळणार नाही म्हटल्यावर कंपन्यांनी आयसोनियाझिड सोडून दिलं का? नाही. सगळ्यांनी बनवलं, विकलं, आणि ते इतकं स्वस्त झालं की आजही जगभरच्या टीबीच्या उपचारात पहिल्या ओळीत आहे. पण पेटंटविरोधी मंडळींनी इथेच टाळ्या वाजवू नयेत. या तिन्ही कंपन्या शोधाला निघाल्या त्या पेटंटच्या आशेनेच. १९१२ चा तो लेख सगळ्यांना सुरुवातीलाच ठाऊक असता, तर त्यांनी या रेणूवर वेळ घालवला असता का, याचं छातीठोक उत्तर मी देणार नाही. पुढच्या काळात उलटं घडताना मात्र मी स्वतः पाहिलं आहे. चांगला दिसणारा रेणू ‘पेटंट पोझिशन कमजोर’ एवढ्या शेऱ्यावर कपाटात जातो. शेरा लिहिणारे आम्हीच असतो. रेणू काम करतो की नाही, हा प्रश्न त्या बैठकीत विचारलाच जात नाही.

तिसरं औषध रिफाम्पिसिन. इटलीत मिलानच्या लेपेटिट कंपनीत पिएरो सेन्सी यांच्या गटाने १९५७ मध्ये रिफामायसिन वेगळं केलं आणि १९६५ च्या सुमारास त्यातून तोंडाने घेता येणारं रिफाम्पिसिन तयार केलं. त्या काळात इटलीत औषधांना पेटंट मिळतच नव्हतं. १९७८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदी उठवली. हे उदाहरण पेटंटविरोधी भाषणांत नेहमी येतं, पण ते जपून वापरावं लागतं. लेपेटिटला स्वतःच्या देशात पेटंट नव्हतं, तरी इतर मोठ्या देशांत घेता येत होतं. यातून एवढंच सिद्ध होतं की एखाद्या देशाने आपल्या सीमेत पेटंट दिलं नाही, म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांची डोकी चालायची थांबत नाहीत. ‘भारताने पेटंट सैल केलं की भारतीय संशोधन मरेल’ या दाव्याला उत्तर म्हणून तेवढं पुरे आहे.

आणि आता जे कुणाच्याच हिशेबात येत नाही ते. टीबीच्या उपचारातली सर्वांत मोठी सुधारणा कुठलाही रेणू नव्हता. १९५६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून एक अभ्यास सुरू केला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास आरोग्यधामात, ठेवलं, काहींना त्यांच्या गजबजलेल्या घरीच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला: घरी राहून, निकृष्ट खाऊन औषध घेणारा रुग्णही जवळजवळ तितकाच बरा होतो. जगभरची सॅनेटोरियमं त्यानंतर ओस पडत गेली. मिरज-पाचगणीच्या हवेवर भरवसा ठेवणाऱ्या आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला याचा अर्थ नीट कळेल. पुढे सत्तरच्या दशकात पूर्व आफ्रिकेत याच ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने ट्रायल घेऊन दाखवलं की रिफाम्पिसिन घातलं तर दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर येतो.

कोणती औषधं, कोणत्या क्रमाने, किती दिवस, कुणाच्या देखरेखीखाली: या ज्ञानावर कुणी एकाधिकार सांगितला नाही, त्यातून कुणी नफा कमावला नाही, आणि वाचलेले जीव कोटींत मोजावे लागतील. ‘नवोन्मेष मोजायचा म्हणजे पेटंट मोजायची’ असं म्हणणाऱ्या अहवालांत या कामाच्या नावापुढे शून्य येतं. मला हे मनापासून खटकतं.

सहा महिन्यांचा उपचार बसला आणि नंतर सामसूम झाली. टीबीवर संपूर्ण नव्या गटातलं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला डिसेंबर २०१२ उजाडलं. मधली चाळीस वर्षं पेटंट कायदे जगभर सैल नव्हते, उलट कडक होत गेले. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा ट्रिप्स करार आला, वीस वर्षांचं पेटंट जवळपास सगळीकडे सक्तीचं झालं. एकाधिकार हेच संशोधनाचं इंधन असेल तर टीबीला ते भरपूर मिळायला हवं होतं. मिळालं नाही, कारण श्रीमंत देशांतून टीबी ओसरला होता आणि उरलेल्या रुग्णांच्या खिशात पैसे नव्हते. वीस वर्षांचा एकाधिकार असला तरी विकत घेणाराच नसेल तर त्याची किंमत शून्य.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही तितकाच ठोस आहे आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमेरिकेने १९८३ मध्ये दुर्मिळ आजारांसाठी ऑर्फन ड्रग ॲक्ट केला: सात वर्षांचा विक्रीचा एकाधिकार आणि करसवलत. त्याआधीच्या दहा वर्षांत उद्योगाने अशा आजारांवर जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी औषधं आणली होती. त्यानंतर शेकड्यांनी आली. म्हणजे पैसा दाखवला की कंपन्या धावतात, आणि चांगलं काम करतात. फरक एवढाच की अमेरिकेतल्या दुर्मिळ आजाराच्या रुग्णामागे विमा असतो. गोवंडीतल्या टीबी रुग्णामागे नसतो.

आता भारताकडे येऊ. १९११ च्या इंग्रजी कायद्यात औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला, त्यावरून १९७० चा कायदा आला आणि १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही. फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. याला ‘नक्कल करण्याचा परवाना’ म्हणून हिणवणारे लोक बहुतेक कधी रिॲक्टरजवळ उभे राहिलेले नसतात.

टीबीचंच इथॅम्ब्युटॉल घ्या. लेडर्ली कंपनीने ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. कागदावर रचना छोटी आहे: दोन अमिनोब्युटॅनॉल, मध्ये दोन कार्बनचा दुवा. कुणीही म्हणेल, यात काय अवघड? पण अमिनोब्युटॅनॉल बनवलं की त्याचे उजवे-डावे असे दोन जुळे प्रकार निम्मे-निम्मे मिळतात. त्यातल्या एकापासूनच टीबीवर नीट चालणारं औषध होतं. दुसऱ्यापासून झालेल्या औषधाचा जंतूवर फारसा परिणाम नाही, आणि डोळ्यांना अपाय करण्याची भीती मात्र तशीच. म्हणून आधी टार्टरिक ॲसिडबरोबर साल्ट (आम्लाशी जोडून होणारा क्षार) करून हवा तो प्रकार स्फटिक रूपात खाली बसवायचा आणि नको तो द्रावणात ठेवायचा. स्फटिक किती वेगाने थंड केले, मेथॅनॉलमध्ये पाणी किती होतं, स्फटिक बनायला सुरुवात करून देणारं बीज कधी टाकलं, यावर शुद्धता हलते. आणि मग खरा प्रश्न: उरलेला निम्मा माल टाकून द्यायचा की त्याचं काही करायचं? तो फेकला तर औषध कुणाला परवडणार नाही. त्याचं उजवं-डावंपण पुसून तो पुन्हा चक्रात आणता आला, टार्टरिक ॲसिड परत मिळवता आलं, तर किलोचा भाव पार बदलतो.

हे डोकं लढवणं म्हणजे संशोधनच, आणि १९७० च्या कायद्याने नेमकं त्याला बक्षीस दिलं. रेणू सगळ्यांना खुला असल्यामुळे स्पर्धा पद्धतीत होती. ज्याचा यील्ड (कच्च्या मालातून मिळणारं उत्पादन) चांगला, ज्याची इम्प्युरिटी (अशुद्धता) कमी, त्याला ऑर्डर. मुंबईची लुपिन कंपनी सुरुवातीच्या काळात टीबीच्या औषधांच्या जोरावर मोठी झाली. म्हणजे नफ्याची प्रेरणा होतीच, आणि कडक होती. एकाधिकाराशिवायची होती, इतकंच. या व्यवस्थेची मर्यादाही सांगतो: तीन दशकांत आम्ही बनवण्याच्या पद्धतीत जगात वर आलो, पण नवे रेणू शोधण्यात मागे राहिलो. ज्या कामाला बक्षीस होतं ते झालं, ज्याला नव्हतं ते झालं नाही.

२००५ मध्ये ट्रिप्समुळे औषधाच्या रेणूवरचं पेटंट परत आलं. त्याच वेळी संसदेने कलम ३(डी) घातलं: माहीत असलेल्या रेणूचं नवं साल्ट, नवा स्फटिक, नवं एस्टर आणलं तर त्यामुळे औषधाची परिणामकारकता खरोखर वाढली हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाच्या प्रकरणात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. औषध शरीरात तीस टक्के जास्त शोषलं जातं एवढं सांगून भागत नाही. त्याने रुग्णाला काय जास्त मिळालं ते दाखवायला हवं.

या कलमाने संशोधन थांबतं का? इथे पुन्हा टीबी उपयोगी पडतो, कारण चाळीस वर्षांनी आलेलं ते औषध म्हणजे बेडाक्विलिन. जॉन्सन अँड जॉन्सनच्या यान्सेन विभागात कोएन आंद्रिस यांच्या गटाने ते शोधलं आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. काम अव्वल दर्जाचं. जंतूच्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालणारं पहिलं औषध. मूळ रेणूवर त्यांना पेटंट मिळालं, भारतातही, आणि मिळायलाच हवं होतं. पण पैशाचा हिशेब बघा. पुढच्या कित्येक ट्रायल सरकारी, धर्मादाय आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संस्थांच्या पैशाने झाल्या. शिवाय मंजुरीसोबत कंपनीला अमेरिकी नियामकाकडून ‘प्रायॉरिटी रिव्ह्यू व्हाउचर’ मिळालं, म्हणजे पुढच्या कोणत्याही एका औषधाची फाइल लवकर तपासून घेण्याचा हक्क. तो त्यांनी सोरायसिस या त्वचारोगाच्या औषधासाठी वापरला. टीबीवरच्या कामाचं बक्षीस सोरायसिसच्या बाजारात वटवावं लागलं, यातच सगळं आलं.

मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. कंपनीने त्याच्या फ्युमरेट साल्टवर वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर भारतात एकाधिकार २०२७ पर्यंत लांबला असता. साल्ट म्हणजे काय? मूळ रेणू पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून एखाद्या आम्लाबरोबर जोडून गोळीत घालायचा. कोणत्या आम्लांचा विचार करायचा याची यादी फार्मसीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात असते आणि फ्युमरिक ॲसिड त्यात आहेच. काही आम्लं करून बघायची, जे नीट स्फटिक देतं ते निवडायचं. हे काम आवश्यक आहे, कष्टाचं आहे, पण चार वर्षांचा जास्तीचा एकाधिकार देण्याइतका तो शोध आहे असं मला वाटत नाही.

या अर्जाला हरकत घेतली ती दोन बऱ्या झालेल्या रुग्णांनी: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. टीबीच्या जुन्या उपचारातल्या विषारी इंजेक्शनांमुळे दोघींचंही ऐकणं गेलं. बेडाक्विलिन वेळेत आणि परवडणाऱ्या भावात मिळालं तर इतरांवर ती इंजेक्शनं घ्यायची वेळ येणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आपल्या कायद्यात पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतो. स्पर्धक कंपनी असायची गरज नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. सहा महिन्यांच्या कोर्सची आंतरराष्ट्रीय खरेदीची किंमत २०१८ मध्ये ४०० डॉलर होती. २०२३ च्या उत्तरार्धात लुपिनचा पर्याय उपलब्ध झाल्यावर मूळ कंपनीनेच ती १३० डॉलरवर आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की १३४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ती बेडाक्विलिनवरची, मूळ रेणूनंतरची अशी दुय्यम पेटंटं वापरणार नाही.

बेडाक्विलिन शोधताना कंपनीला आधार होता तो मूळ रेणूच्या वीस वर्षांचा. वीस वर्षांनंतरची चार वर्षं काढून घेतल्याने एकही रेणू न शोधलेला राहिला, असं मला कुणी दाखवलेलं नाही. म्हणून मी पेटंटचा दरवाजा अरुंद ठेवण्याच्या बाजूचा आहे: खऱ्या शोधाला पूर्ण हक्क द्या, रेणूच्या कपडेबदलाला देऊ नका.

पण दरवाजा अरुंद केला म्हणजे टीबीवर संशोधन वाढेल असंही नाही. त्यासाठी पैसा दुसरीकडूनच यावा लागतो. प्रेटोमॅनिडचं तेच झालं. रेणू सिएटलच्या पॅथोजेनेसिस कंपनीचा, पेटंट व्यवस्थित. कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांना टीबीत रस नव्हता. २००२ मध्ये टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने लायसन्स घेतलं, सरकारी आणि देणगीच्या पैशाने ट्रायल केल्या आणि २०१९ मध्ये मंजुरी आणली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड मिळून अत्यंत प्रतिरोधक, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, टीबीचा उपचार सहा महिन्यांत बसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या अभ्यासात दहातले नऊ रुग्ण बरे झाले. पेटंटने इथे एक उपयोगी काम केलं, ते मान्य करायला हवं: हक्क कुणाकडे आहेत हे स्पष्ट असल्यामुळे ते रीतसर दुसऱ्याच्या हातात देता आले. कपाटात पडलेला रेणू बाहेर काढायला मात्र नफा न शोधणारी संस्था लागली.

सध्या माझं लक्ष टीबीच्या लशीकडे आहे. १९२१ ची बीसीजी सोडली तर आपल्याकडे काही नाही. जीएसकेने एम७२ नावाची लस तयार केली. २०१८ मध्ये मधल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये ती सुमारे ५० टक्के परिणामकारक दिसली. तरी अखेरची मोठी ट्रायल कंपनीने स्वतः केली नाही. लस गेट्स मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटकडे दिली आणि २०२४ मध्ये गेट्स फाउंडेशन व वेलकम यांच्या पैशाने तिसरा टप्पा सुरू झाला. लशीत एक सहायक घटक लागतो, एएस०१. तो जीएसकेने स्वतःकडे ठेवला आहे, आणि तोच घटक त्यांच्या नागिणीच्या लशीत जातो, जी श्रीमंत देशांत प्रचंड खपते. निकाल आले की बातम्यांत परिणामकारकतेची टक्केवारी झळकेल. तुम्ही त्यासोबत हेही शोधा: एएस०१ वर्षाला किती बनणार आहे, त्यातला किती टीबीसाठी राखून ठेवला आहे, आणि तो बनवायचं तंत्र दुसऱ्या कारखान्याला देण्याची अट करारात आहे की नाही.